जडाची जबाबदारी

बाजारपेठेत माल वाहणारा हमाल रिकामी हातगाडी सहज ढकलत नेतो. त्याच गाडीवर धान्याची पोती चढली, की त्याचे रूप पालटते. तो पाय जमिनीत रोवतो, खांदा पुढे करतो, सर्व अंगाचा जोर लावतो. आणि तरीही गाडी पहिल्या काही पावलांत जेमतेम हलते. हे दृश्य सर्वांच्या परिचयाचे आहे. परंतु त्या कामाचा दुसरा अर्धा भाग सहसा कोणाच्या लक्षात येत नाही. भरलेली गाडी एकदा चालू लागली, म्हणजे तिला थांबवणे हेही तितकेच कष्टाचे काम असते. रिकामी गाडी दोन पावलांत उभी राहते; भरलेली गाडी हमालालाच पुढे ओढू लागते. म्हणून जाणता हमाल चौक जवळ येण्यापूर्वीच गाडीला आवर घालू लागतो. त्याने पदार्थविज्ञानाचे पुस्तक वाचलेले नसेल. पण निसर्गाचा एक फार मोठा नियम त्याच्या हातापायांना पाठ झालेला असतो. आज रस्त्यांवर ज्यांच्या हाती हातगाडीपेक्षा शेकडो पटींनी जड वाहने आली आहेत, त्यांच्यापैकी अनेकांना मात्र त्या नियमाचा विसर पडलेला दिसतो.

हा नियम प्रथम स्पष्ट शब्दांत मांडला तो आयझॅक न्यूटन या इंग्रज शास्त्रज्ञाने. त्याचा ‘प्रिन्सिपिया’ हा लॅटिन भाषेतील ग्रंथ १६८७ साली प्रसिद्ध झाला. त्यात गतीचे तीन नियम सांगितलेले आहेत. त्यांतील दुसरा हा होय. त्यापूर्वी सुमारे दोन हजार वर्षे युरोपातील विद्वान ग्रीक तत्त्वज्ञ अॅरिस्टॉटल याच्या मतानुसार असे मानत, की वस्तू चालत राहण्यासाठी तिला सतत कोणीतरी ढकलत राहिले पाहिजे. इटलीतील गॅलिलिओने उतरत्या फळीवरून गोळे सोडून त्यांच्या वेगाचे बारकाईने मापन केले, तेव्हा या समजुतीला धक्का बसला. वस्तू चालत राहण्यासाठी बल लागत नाही. तिचा वेग बदलण्यासाठी बल लागते, ही गोष्ट गॅलिलिओच्या व त्याच्या मागून आलेल्यांच्या विचारांतून पुढे आली. न्यूटनने तिला नियमाचे रूप दिले.

वेग किती त्वरेने बदलतो याच्या मापाला ‘त्वरण’ असे म्हणतात. एखाद्या वस्तूत किती द्रव्य सामावलेले आहे हे तिचे ‘वस्तुमान’ सांगते. न्यूटनच्या नियमाचा सारांश असा, की वस्तूवर लावलेले बल जितके अधिक, तितके तिचे त्वरण अधिक. आणि वस्तूचे वस्तुमान जितके अधिक, तितके तिचे त्वरण कमी. बलाला वस्तुमानाने भागले, की त्वरण मिळते. चाकांचे घर्षण क्षणभर बाजूला ठेवून हातगाडीचेच उदाहरण घेता येईल. रिकाम्या गाडीचे वस्तुमान १०० किलोग्रॅम आहे आणि हमालाने तिला २०० न्यूटन बल लावले, असे समजावे. मग तिचा वेग दर सेकंदाला २ मीटर प्रतिसेकंद इतका वाढत जाईल. बल दुप्पट केले, तर ही वाढही दुप्पट, म्हणजे ४ होईल. आता गाडीवर प्रत्येकी ५० किलोग्रॅमची ८ पोती चढवली. एकूण वस्तुमान ५०० किलोग्रॅम झाले. हमालाचे बल मात्र तेच २०० न्यूटन राहिले. मग दर सेकंदाला होणारी वेगाची वाढ २ वरून ०.४ वर येते. वस्तुमान पाचपट झाले. त्वरण पाचव्या हिश्शावर आले.

वस्तुमान आणि वजन हे शब्द व्यवहारात एकाच अर्थाने वापरले जातात. परंतु ते एक नव्हेत. पृथ्वी वस्तूला ज्या बलाने ओढते ते तिचे वजन. पृथ्वीभोवती फिरणाऱ्या आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकात सर्व वस्तू तरंगत असतात. तेथे तराजू निरुपयोगी ठरतो. तरीही तेथे मोठी पेटी हलवणे हे लहान डबी हलवण्याइतके सोपे नसते. कारण वजन जाणवेनासे झाले, तरी वस्तुमान कायम असते. त्या स्थानकात अंतराळवीरांची तब्येत तपासताना त्यांचे वस्तुमान मोजावे लागते. त्यासाठी असलेल्या एका यंत्रात स्प्रिंगच्या साहाय्याने ठरावीक बलाने अंतराळवीराला ओढतात आणि त्याचे त्वरण किती होते ते पाहतात. त्वरण कमी, तर वस्तुमान अधिक. पृथ्वीपासून सुमारे ४०० किलोमीटर उंचीवरही हा नियम बाजारातील हातगाडीसारखाच चालतो.

या नियमाचा एक अर्थ लोकांना चटकन पटतो : जड वस्तू चालू करण्यास अधिक बल लागते. दुसरा अर्थ तितकाच खरा असून तो मात्र पुष्कळदा दृष्टीआड होतो. वेग वाढणे हा जसा वेगातील बदल, तसाच वेग कमी होणे हाही बदलच होय. म्हणून जी वस्तू चालू करणे कठीण, ती थांबवणेही कठीण. इंजिनाला जो नियम लागू, तोच ब्रेकलाही लागू. माल भरताना मनुष्य इंजिनाच्या ताकदीचा विचार करतो. गाडी हे ओझे ओढील काय, एवढेच तो पाहतो. ती ते ओझे घेऊन वेळेवर थांबेल काय, हा प्रश्न त्याच्या मनात येत नाही. सगळा घोटाळा येथेच आहे.

समजा, एका मालमोटारीचे मालासह वस्तुमान १६,००० किलोग्रॅम आहे आणि तिचे ब्रेक जास्तीत जास्त ४८,००० न्यूटन इतकेच बल देऊ शकतात. ती ताशी ५४ किलोमीटर, म्हणजे सेकंदाला १५ मीटर वेगाने जात आहे. ब्रेक पूर्ण दाबताच तिचा वेग दर सेकंदाला ३ मीटर प्रतिसेकंदाने कमी होईल. ती ५ सेकंदांत थांबेल आणि तेवढ्या वेळात साडेसदतीस मीटर अंतर जाईल. आता कोणी लोभाने तिच्यावर आणखी ८,००० किलोग्रॅम माल चढवला. वस्तुमान २४,००० झाले. ब्रेकचे बल मात्र वाढले नाही. वेग आता दर सेकंदाला २ मीटर प्रतिसेकंदानेच कमी होईल. गाडी थांबण्यास साडेसात सेकंद लागतील आणि ती सुमारे ५६ मीटर पुढे जाईल. पूर्वीपेक्षा जवळजवळ १९ मीटर अधिक. कागदावर हा आकडा किरकोळ वाटतो. परंतु रुंद रस्ता ओलांडणारे मूल याहून कमी अंतर चालत असते. चालकाची नजर कितीही तीक्ष्ण असली आणि त्याचा पाय कितीही चपळ असला, तरी ते १९ मीटर त्याला परत मिळवता येत नाहीत. ते गाडीत माल भरला गेला त्याच वेळी हातचे गेलेले असतात. शिवाय वेग दुप्पट केला, तर थांबण्याचे अंतर दुप्पट नव्हे, चौपट होते. भार आणि वेग दोन्ही वाढले, म्हणजे काय होईल, हे निराळे सांगावयास नको.

महाराष्ट्रातील ऊस पिकवणाऱ्या भागांत गळिताच्या हंगामात ट्रॅक्टरला एकामागून एक दोन ट्रॉल्या जोडून ऊस कारखान्याकडे नेला जातो. ट्रॉलीच्या कडा ओलांडून उसाच्या मोळ्या उंच रचलेल्या असतात. पुष्कळ ट्रॉल्यांना स्वतःचे ब्रेक नसतात. मागचा सगळा भार एकट्या ट्रॅक्टरने थोपवावयाचा असतो. ट्रॅक्टरचा वेग कमी म्हणून धोकाही कमी, असा समज रूढ आहे. परंतु उतारावर किंवा वळणावर मागच्या ट्रॉल्या ट्रॅक्टरलाच पुढे ढकलू लागतात, तेव्हा हातगाडीने हमालाला ओढण्याचाच तो प्रकार असतो. फक्त तो शेकडो पटींनी मोठा असतो.

जड वस्तूला आवर कसा घालावा, याचा एक उत्तम धडा महाराष्ट्रातच पाहावयास मिळतो. मुंबई–पुणे लोहमार्गावरील बोरघाटाचा मार्ग १८६३ साली खुला झाला. कर्जतहून लोणावळ्याकडे घाट चढताना गाडीच्या मागे जादा इंजिने लावतात, हे त्या मार्गाने जाणाऱ्या मुलांनी पाहिलेले असते. वस्तुमान अधिक, म्हणून बलही अधिक. परंतु खरे शहाणपण उतरत्या मार्गावर दिसते. तेथे ठिकठिकाणी मुख्य मार्गाला फुटून डोंगराच्या चढाकडे जाणारे रूळ टाकलेले आहेत. ब्रेक निकामी झालेली गाडी त्या चढावर जाऊन थांबावी, हा त्यांचा हेतू. विशेष हे, की तेथील सांधा एरवी त्या चढाच्या रुळांकडेच वळवलेला असतो. घाट उतरणारी गाडी अलीकडे थांबते आणि आपण पूर्ण ताब्यात आहोत हे कृतीने दाखवते. त्यानंतरच सांधा मुख्य मार्गाकडे वळवून तिला पुढे सोडले जाते.

त्या चढाच्या योजनेत विज्ञानही सुंदर आहे. ब्रेकच्या बलाला मर्यादा असते. पृथ्वीचे आकर्षण मात्र वस्तुमानाच्या प्रमाणात वाढते. दुप्पट जड गाडीला चढ दुप्पट बलाने मागे ओढतो. म्हणून गाडी भरलेली असो वा रिकामी, तो चढ दोघींचा वेग सारख्याच प्रमाणात कमी करतो. जेथे माणसाचे यंत्र थकते, तेथे निसर्गाच्या नियमालाच कामाला लावण्याची ही युक्ती आहे. पण विज्ञानापेक्षाही त्या व्यवस्थेमागील नीती अधिक मोलाची आहे. रेल्वे त्या गाडीला असे म्हणत नाही, की तू मोठी आहेस, म्हणून तुला वाट मोकळी. ती म्हणते, की तू मोठी आहेस, म्हणून तुला थांबता येते हे आधी सिद्ध कर.

रस्त्यावर याच्या नेमकी उलट रीत रूढ झाली आहे. जो जड, तो भोंगा वाजवतो; जो हलका, तो बाजूला सरतो. मालमोटारीला मोटार भिते, मोटारीला दुचाकी भिते आणि पायी चालणारा सर्वांनाच भितो. जणू वस्तुमान हा अधिकाराचा शिक्का आहे. या रीतीची किंमत फार मोठी आहे. भारतात २०२२ या एका वर्षात रस्त्यांवरील अपघातांत सुमारे १ लाख ६८ हजार माणसे मृत्युमुखी पडली. त्यांत दुचाकीवरील आणि पायी चालणारी माणसे मिळून निम्म्याहून अधिक होती. सर्वांत हलक्यांनीच सर्वांत अधिक प्राण गमावले.

असे का होते, याचे उत्तर पुन्हा न्यूटनकडेच मिळते. टक्कर होते तेव्हा दोन्ही वाहनांवर येणारे बल सारखेच असते. हा त्याचा तिसरा नियम. मालमोटार सायकलला जेवढ्या बलाने ढकलते, तेवढ्याच बलाने सायकलही मालमोटारीला ढकलते. पण बल सारखे असले, तरी परिणाम सारखा होत नाही. सायकल व तिच्यावरील मूल मिळून वस्तुमान ८० किलोग्रॅम धरले आणि मालमोटारीचे १६,००० किलोग्रॅम धरले, तर सायकलच्या वेगात मालमोटारीच्या वेगापेक्षा २०० पट अधिक बदल होतो. सायकल दूर फेकली जाते. मालमोटारीत बसलेल्याला जेमतेम हादरा जाणवतो. जो धक्का देतो त्याला तो कळत नाही, आणि ज्याला कळतो त्याला तो सोसवत नाही. म्हणूनच जडाने केवळ अंगाला बसणाऱ्या हादऱ्यावर विसंबून चालत नाही. त्याने बुद्धीने जाणून घेतले पाहिजे. ज्याच्याजवळ वस्तुमान अधिक, त्याच्यावर आवर घालण्याची जबाबदारी अधिक, हाच या नियमातून निघणारा न्याय होय.

यावर काही आक्षेप घेतले जातील. कोणी म्हणेल, की पायी चालणाऱ्यांनी व सायकलस्वारांनी स्वतःला सांभाळावे. तेही चुका करतात. हे खरे आहे. समोरून येणारे जड वाहन इच्छा असूनही ताबडतोब थांबू शकत नाही, हे प्रत्येक मुलाने पक्के ध्यानात ठेवले पाहिजे. मुंबईच्या उपनगरी मार्गांवर रूळ ओलांडताना दरवर्षी शेकडो माणसे प्राणास मुकतात. गाडी अजून दूर आहे, एवढेच त्यांना दिसते. ती किती जड आहे आणि थांबण्यास तिला किती अंतर लागेल, हे दिसत नाही. सावधगिरी सर्वांनीच बाळगावी. परंतु दोघांच्या चुकांचे परिणाम सारखे नसतात. पायी चालणाऱ्याची चूक बहुधा त्याच्याच जिवावर बेतते. जड वाहनाची चूक दुसऱ्याच्या. म्हणून सावधगिरी दोघांची असली, तरी जबाबदारीची वाटणी समान असू शकत नाही.

दुसरा आक्षेप असा, की यासाठी कायदा आहेच. मालमोटारींची वेगमर्यादा मोटारींहून कमी ठेवलेली आहे. १९८८ च्या मोटार वाहन कायद्यात २०१९ साली दुरुस्ती झाली आणि मर्यादेबाहेर माल भरणाऱ्यास २० हजार रुपये व वर प्रत्येक जादा टनामागे २ हजार रुपये दंड ठरला. जादा माल उतरवण्याचा खर्चही त्याच्यावरच पडतो. कायदा असणे चांगलेच. पण माणसाच्या कायद्याला पाहारेकरी लागतो आणि पाहारेकऱ्याची नजर चुकवता येते. निसर्गाच्या कायद्याला पाहारेकरी लागत नाही. तो रात्री झोपत नाही, ओळखीपाळखीने वश होत नाही आणि दंड घेऊन सोडूनही देत नाही. दंड चुकवून पुढे गेलेल्या गाडीचे वस्तुमान एका किलोग्रॅमनेही कमी झालेले नसते.

तिसरा आक्षेप अधिक विचार करण्याजोगा आहे. जास्त माल नेला नाही, तर भाडे परवडत नाही, असे म्हटले जाते. गाडीत किती माल भरावयाचा हे पुष्कळदा चालक ठरवत नाही. मालक ठरवतो, माल पाठवणारा व्यापारी ठरवतो. अपघात झाला, की लोकांचा राग मात्र चालकावर निघतो. यासाठी ‘जड’ या शब्दाचा अर्थ थोडा विस्ताराने घ्यावयास हवा. ज्याच्या शब्दाने माल चढतो, तोही त्या वस्तुमानाचा भागीदार आहे. एका खेपेचे भाडे वाचवून त्याने जो खर्च टाळला, तो नाहीसा होत नाही; तो रस्त्यावरच्या अनोळखी माणसाच्या माथी पडतो. असा सौदा स्वस्त म्हणता येणार नाही.

हलक्यांचे रक्षणही याच नियमाने करता येते. बल म्हणजे वस्तुमान आणि त्वरण यांचा गुणाकार. माणसाचे वस्तुमान काही बदलत नाही. पण थांबण्यास लागणारा वेळ थोडा वाढवला, तर त्वरण कमी होते आणि शरीरावर येणारे बलही कमी होते. शिरस्त्राणाच्या आतील मऊ थर दाबला जातो, मोटारीतील पट्टा शरीराला धरून ठेवत किंचित ताणला जातो. दोन्हींचे काम हा निमिषमात्र वेळ मिळवून देण्याचे असते. तेवढा वेळ जीव वाचवण्यास पुष्कळदा पुरतो. शिरस्त्राण वापरणे भित्रेपणाचे आहे असे मानणाऱ्याला शौर्याचा अर्थ कळलेला नाही आणि विज्ञानाचाही नाही.

शाळेत हा नियम शिकवला जातो तेव्हा मुले सूत्र पाठ करतात, गणिते सोडवतात आणि गुण मिळवतात. ते आवश्यकच आहे. परंतु ज्या सूत्राने परीक्षेत उत्तर येते, त्याच सूत्राने रस्त्यावर माणूस वाचतो किंवा दगावतो, हे त्यांना कळले नाही, तर ते शिक्षण अपुरे राहिले असे म्हणावे लागेल. आजची मुले काही वर्षांनी वाहने चालवतील. त्यांच्यापैकी काही मालमोटारींचे मालक होतील, काही कारखाने चालवतील, काही रस्ते बांधतील. त्यांच्या हाती बल येईल आणि त्यांच्या शब्दाला वजन येईल. त्या वेळी गाडी भरताना ‘ही किती ओढील?’ या प्रश्नाआधी ‘ही कोठे थांबेल?’ हा प्रश्न त्यांनी विचारला, तर या नियमाचा अभ्यास खऱ्या अर्थाने सफल झाला, असे म्हणता येईल.